पोपटी डब्यातला पॉवर सप्लाय

राजारामपुरीत कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान टाकलं की दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ ब्लोअरनं उडते, किस्से काय उडत नाहीत! त्यातले निम्मे तर एकाच वस्तूचे. पॉवर सप्लाय, म्हणजे आमच्या भाषेत एसएमपीएस. भिंतीतली वीज कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा लोखंडी डबा. लोक प्रोसेसरसाठी महिनाभर यूट्यूब पालथं घालतात, आणि ह्या डब्यापाशी आले की म्हणतात, "घाला कुठला बी!"

बस्स! तिथंच माझा पार्टनर शीतल पाटील पेटतो. शीतल म्हणजे उसाच्या रानातनं आलेला सहा फुटी गडी. आवाज असा की दुकानाला बोर्डाची गरज नाही. "कुठला बी" म्हणणाऱ्याला तो आधी चहा पाजतो आणि मग झाडतो.

*

परवा एक हौशी गेमर आला. काचेची कॅबिनेट, सात रंगांत चमकणारे पंखे, सगळं कसं लग्नाच्या मांडवासारखं! एसएमपीएसची वेळ आली आणि गडी म्हणतो, "तो साधाच टाका की. कुठं दिसतोय? आतच असतोय न्हवं."

शीतल म्हणाला, "पावणं, काळीज बी आतच असतंय. साधं बसवू?"

*

शिवाजी पेठेतले एक वस्ताद नातवासाठी कॉम्प्युटर घ्यायला आले. त्यांनी बॉक्सवरचं एक अक्षर वाचलं नाही. सरळ एसएमपीएस तळहातावर घेऊन तोलला.

"हलका हाय. दुसरा दावा."

आम्ही दाखवला तो प्रत्येक हलका! दुसऱ्या दिवशी दुसरीकडनं एक घेऊन आले आणि काउंटरवर आपटला. "ह्याला म्हणायचं माल! उचलून बघा."

खरंच जड होता. शीतलला शंका आली. त्यानं चार स्क्रू काढले. आत एवढीशी सर्किटची पट्टी, आणि शेजारी घट्ट बसवलेला सिमेंटचा गोळा!

वस्तादांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "आमचा गवळी बरा की रं! पाण्यावर भागवतोय बिचारा."

*

शाहूवाडीकडचे एक काका आले होते. लेक आर्किटेक्चरला, तिला मोठी मोठी ड्रॉइंग करायची. असलं गिऱ्हाईक आलं की शीतलला चेव येतो. "हे बघा काका, प्रोसेसर एवढं खाणार, ग्राफिक कार्ड एवढं. वर थोडी जागा मोकळी ठेवायची, सगळी ताकद ताणायची न्हाय. साडेसातशे वॉट घेऊया."

"वॉटचं ऱ्हाऊ द्या. एचपीत सांगा."

"एक एचपी धरा."

काका उठून उभेच राहिले. "एक? आमच्या विहिरीवर पाचची मोटर हाय! उसाला पाच आन पोरीच्या शिक्षणाला एक? पाचचाच दावा!"

लेक लाजून लाल. शीतलनं समजावून समजावून घसा कोरडा केला तेव्हा काका कसेबसे तयार झाले. निघताना दारातनं ओरडले, "हिला कमी पडला तर मोटर उचलून आणीन!"

*

आता अभीचा ऐका. आमच्याकडं कुस्तीच्या तालमी फुटबॉलही खेळतात. अभी म्हणजे पेठेतल्या अशाच एका तालमीच्या टीमचा पोरगा, मॅचचं लाइव्ह दाखवायचं काम त्याच्याकडं. त्यासाठी त्यानं स्वतः कॉम्प्युटर जोडला. एसएमपीएसला आमच्याकडं आला. शीतलनं नेमका हवा तसा काढून समोर ठेवला. अभी दोन पावलं मागं सरकला!

"शीतलदादा, बॉक्स पोपटी हाय."

ह्यांच्या तालमीचा रंग जांभळा. पोपटी समोरच्या तालमीचा.

"आरं, आतला डबा काळा हाय! बॉक्स हितंच ठेव."

"न्हाय. देवाशपथ हात लागणार न्हाय."

आणि गेला की! बाजारातनं जांभळ्या स्टिकरचा कुठला तरी उचलला. तो पोपटी बॉक्स दुसऱ्या दिवशी समोरच्या तालमीच्या रघूनं नेला. "शकुन हाय!" म्हणाला.

*

फायनलचा दिवस. दोन्ही तालमी समोरासमोर, आख्खी पेठ मैदानाकडं! आणि सकाळीच अभी कॉम्प्युटर छातीशी धरून दुकानात. जांभळ्या स्टिकरवाल्यानं धूर सोडलेला. बाकी सगळं शाबूत, नशीब!

"दादा, कायबी करा. तात्या घरात पडून हायत."

दिनकरतात्या ह्या तालमीचे जुने गोलकीपर. घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, खाटेवरनं उठायची बंदी. आणि त्याच दिवशी त्यांचा नातू ओंकार पहिल्यांदा फायनलला गोलमध्ये उभा राहणार होता. मैदानातनं लाइव्ह गेलं तरच तात्यांना दिसणार. दुकानात होते ते सगळे कमी ताकदीचे, जास्त ताकदीच्यांचं पार्सल रस्त्यातच अडकलेलं.

कामाचा होता तो एकच, पोपटी बॉक्समधला. रघूचा कॉम्प्युटर सर्व्हिसिंग होऊन काउंटरवर तयार होता, त्यात बसवलेला. आणि रघू तो न्यायला दारात उभा!

रघूनं सगळं ऐकलं होतं. त्यानं अभीकडं बघितलं, मग स्वतःच्या कॉम्प्युटरकडं.

"काढा," म्हणाला. "तात्यांना आमचं गोल बघू देत की!"

मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली. शीतलचे हात असे चालले की काय सांगू! अभीनं या वेळी हात लावला, देवाची माफी मागून.

मॅच काय झाली म्हणता! बरोबरी, मग पेनल्टी. शेवटची मारायला रघूचा मोठा भाऊ, समोर ओंकार. ओंकारनं डावीकडं झेप घेतली आणि बॉल थेट हातात! जांभळ्यांनी पेठ डोक्यावर घेतली. अभीनं तर मैदानातनं आख्खा कॉम्प्युटर तात्यांच्या घरी नेला आणि टीव्हीला जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी रघू आपला एसएमपीएस न्यायला निघाला. हत्यारं घेऊन मी सोबत गेलो. बघतो तर तात्या खाटेवर उशीला टेकून तीच पेनल्टी परत परत लावून बघतायत. रघूच्याच एसएमपीएसवर! मी स्क्रू ड्रायव्हर खिशातच ठेवला. रघू दारात उभा राहून बघत राहिला, मग आत येऊन खाटेच्या कडेला टेकला.

"तात्या, खरं सांगा. आमचा दादा तिकडंच मारणार हे ओंकारला कळलं कसं?"

तात्यांनी स्क्रीनवरची नजरसुद्धा हलवली नाही.

"काल सकाळीच सांगून धाडलंतं. तुझा बा बी मला तिकडंच मारायचा!"