बिनपत्तीचं क्लॅरिनेट

निवृत्त झाल्यापासून माझा एकच उद्योग: मोबाइलवर जाझचे सुरुवातीचे क्लॅरिनेटवाले ऐकायचे आणि त्यांची तुलना करत बसायची. त्यातला एक खालच्या सुरांत ऊबदार वाजवणारा. दुसरा वर चढून खिदळणारा. फोटोही त्याचेच जास्त. माझं मत असं, की पुढच्या लोकप्रिय गाण्यांत मुरला तो पहिला. आपल्या सिनेमातल्या विरहगीतामागे क्लॅरिनेट हळूच उसासतं, तेही मला त्याच्याच घराण्यातलं वाटतं. हे सगळं मी थोरल्या भावाला ऐकवायचो. तो नांदुऱ्याच्या बँडमध्ये उभा जन्म क्लॅरिनेट वाजवत आलाय. मला साधा सा काढता येत नाही. तो म्हणायचा, "बोलून नको राहू बे, आयकू दे."

यंदा लग्नसराईत बँडला माणूस कमी पडला. डीजेपुढे बँडला तशीच कामं कमी, त्यात रांग भरलेली दिसावी लागते. मग फुंकायची पत्ती काढलेलं वाद्य देऊन कुणालाही उभं करतात. त्यातून आवाजच निघत नाही. भावानं मला लाल कोट चढवला. मी उंच, म्हणून बँडमास्तरांनी पुढे घातलं. भाऊ माझ्या मागे.

आणि मला चेव आला. जाझवाल्यांचे पाहून पाठ झालेले सगळे चाळे मी केले. वाद्य आभाळाकडे, डोळे मिटलेले, गुडघे वाकवलेले. सूर भावाचे, नोटा ओवाळल्या माझ्यावरून. पोरांनी व्हिडिओ काढले. खोटं कशाला सांगू, भारी मजा आली.

तो व्हिडिओ गावोगाव फिरला. सुलतानपूरच्या लोकांनी सुपारी दिली ती एकाच अटीवर: व्हिडिओतला म्हातारा पाहिजे. भाऊ सांगायला आला तेव्हा माझी मान वर होईना.

"मी नाही येत," म्हणालो.

"यावंच लागते. तू नसला तं सुपारी जाते. बँडातल्या पोरायनं काय करावं?"

गेलो. पोरांसाठी गेलो असं घरी सांगितलं. खरं तर पुन्हा एकदा पुढे उभं राहायचं होतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

वरात मांडवात पोचली, आम्ही जेवायला बसलो. उकाड्यानं भावानं कोट काढून ठेवला होता. नवरीचे वडील वाढता वाढता माझ्यापाशी थांबले. "रडवलं हो तुम्ही मले," म्हणाले. मग शेजारी पाहून, "हे कोण?"

"भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी भावालाच विचारलं, "मंग तुम्ही नाही शिकले काय यायच्याजवळ?"

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तोंडात घास होता, एवढंच निमित्त.

"नाही जमलं हो मले," भाऊ म्हणाला, आणि वांग्याच्या भाजीसाठी त्यानं ताट पुढे केलं.