बहात्तर नंबरची पाठ

अमेरिकेतल्या केस्लर्स बेंड गावात फुटबॉल, म्हणजे हातानं फेकायचा आणि अंगानं रेटायचा तो अमेरिकन फुटबॉल, सगळ्यांनाच कळतो. न्हाव्याला कळतो, पाद्र्याला कळतो, दातांच्या डॉक्टरला तर दातांपेक्षा जास्त कळतो. ज्याला कळत नाही असं गावानं एकमतानं ठरवलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे शाळेच्या संघाचे कपडे धुणारी बर्निस कुझ्मा.

बर्निस अडुसष्ट वर्षांची. हे काम तिनं १९७९ साली हौसेनं धरलं. नवरा एमिल तेव्हा पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता, घरात कशाची वाण नव्हती. पाच वर्षांनी कारखान्याला टाळं लागलं आणि हौसेची गरज झाली. आता एमिललाही जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण काम सुटलं नव्हतं. शाळेच्या तळघरात धुलाईची दोन मोठी यंत्रं, एक लांबलचक टेबल आणि भिंतीवर नंबर घातलेल्या खुंट्या. सामना संपला की पोरं मळके कपडे आपापल्या जाळीच्या पिशवीत कोंबून खुंटीला अडकवून जायची, आणि बर्निस त्याच संध्याकाळी सगळं धुवून टाकायची. चिखल वाळू द्यायचा नाही, आधी थंड पाणी, मग साबण. पस्तीस वर्षांत हा नियम तिनं एकदाही मोडला नव्हता.

इतकी वर्षं कपडे धुतल्यावर ते तिला वाचता यायला लागले. विशेषतः पुढच्या फळीतल्या पाच पोरांचे. या पाचजणांनी क्वार्टरबॅकसमोर भिंत होऊन उभं राहायचं, म्हणजे त्याला चेंडू फेकायला फुरसत मिळते. त्यांच्या हाताला चेंडू लागत नाही, त्यांच्या नावानं कुणी टाळी वाजवत नाही, भिंत पडली की शिव्या मात्र त्यांनाच. बर्निसचं गणित सोपं होतं. समोरच्याला लोळवलं तर माती गुडघ्यांना, छातीला, कोपरांना लागते. आपण लोळलो तर पाठीला लागते. कुस्तीत काय नि इथे काय, पाठीला माती लागली की बोलणंच खुंटलं.

त्या वर्षी बोलणारे मात्र रग्गड होते. सहा सामने झाले होते, त्यातले पाच हरले होते. मैदानावरचा दिव्यांचा खांब वादळात पडल्यामुळे सामने शनिवारी दुपारी व्हायचे आणि रविवारी चर्च सुटलं की संघाचे पाठीराखे आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये जमायचे. तिथे आदल्या दिवशीच्या सामन्याचं चित्रण पडद्यावर लावायचं, तळलेलं कोल्बासी सॉसेज खायचं आणि कुणाच्या माथ्यावर खापर फोडायचं ते ठरवायचं, असा शिरस्ता होता. पाठीराख्यांचा अध्यक्ष स्टॅश ओलेनिक. हा कारखान्यात क्रेन चालवायचा आणि एकोणसत्तर साली स्वतः पुढच्या फळीत खेळला होता. त्यानंतरच्या फळ्या फळ्याच नव्हेत असं त्याचं ठाम मत होतं. अपवाद फक्त चौसष्ट नंबरच्या ट्रॉयचा, कारण ट्रॉय त्याचा नातू.

तीन रविवार सगळ्यांचं बोट एकाच पोरावर होतं. बहात्तर नंबरचा वेस्ली डुडा, फळीच्या डाव्या टोकाचा, ट्रॉयच्या शेजारी उभा राहणारा. पडद्यावर दिसायचंच तसं. वेस्लीच्या समोरचा गडी वाऱ्यासारखा मोकळा सुटायचा आणि क्वार्टरबॅकला आडवा करायचा. चौतीस-सहा असा मार खाल्ला त्या शनिवारी असं सात वेळा झालं.

त्या संध्याकाळी वेस्ली सगळ्यांच्या मागून तळघरात आला. पिशवी खुंटीला न अडकवता त्यानं ती टेबलावर ठेवली.

"मिसेस कुझ्मा, हा नंबर आता दुसऱ्या कुणाला द्या. सोमवारी मी यायचा नाही."

"कोच म्हणाले?"

"उद्या म्हणतील. गावानं म्हणायला लावलंय. त्यापेक्षा आपणच सोडलेलं बरं."

हे वाक्य बर्निसनं याच टेबलाशी एकदा ऐकलं होतं. सत्त्याऐंशी साली तिचा मुलगा रिची पुढच्या फळीत उजव्या बाजूनं खेळायचा, नंबर सहासष्ट. क्वार्टरबॅकचा पाय मोडला आणि गावानं ते रिचीच्या नावावर मांडलं. न्हाव्याच्या दुकानात त्याला कुणी खुर्ची देईना. तो म्हणाला, "आई, ही पिशवी दुसऱ्या कुणाला दे." सामन्याच्या दिवशीच त्याचा सदरा बर्निसच्या हातात आला होता आणि सदऱ्याच्या पाठीवर मातीचा ठिपका नव्हता. मळलेली पाठ दुसऱ्याची होती. कुणाची, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही सांगणार नाही. तो माणूस आजही गावात आहे आणि चांगला आहे. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि आई असून बर्निस मूग गिळून बसली. धुणारणीचं कोण ऐकतंय, असं तिनं तेव्हा स्वतःला समजावलं आणि यंत्र सुरू केलं. रिची वर्षभरात गाव सोडून गेला तो थेट ॲरिझोनात. नाताळला फोन करायचा, हवापाण्याचं बोलायचा.

वेस्ली गेला. बर्निसनं बहात्तरची पिशवी उपडी केली. छाती काळी, गुडघे काळे, कोपरं घासून सोललेली आणि पाठ कोरी. मग तिनं चौसष्टची पिशवी उघडली. ट्रॉयचा सदरा मागून मानेपासून कमरेपर्यंत चिखलानं माखला होता.

पिशवीत तीन मोजे होते. तीन आठवडे चौसष्टच्या पिशवीत तीनच मोजे निघत होते. पोरगं गबाळं आहे, कुणाचा तरी उचलतं, असं म्हणून ती उरलेला मोजा बाजूला ठेवत आली होती. आज तिनं तो उलटा केला. आतून पट्टीचा चिकट डिंक घोट्यापर्यंत लागला होता. म्हणजे पोराचा घोटा दुखावला होता. तो पट्टी बांधत होता आणि पट्टी दिसू नये म्हणून वरून दुसरा मोजा चढवत होता. अशा पायावर तो रेटा कसा सोसणार? तो मागे पडायचा, त्याला झाकायला वेस्ली आत वळायचा आणि वेस्लीचा गडी मोकळा सुटायचा.

बर्निसनं साबणाचा डबा बंद केला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ती कपडे न धुता घरी गेली.

रविवारी ती बंबखान्यात शिरली तेव्हा वाद ऐन रंगात होता. लू फेरारो न्हावी हातातला काटा पडद्याकडे रोखून ओरडत होता. "बघा, बघा! फाटक आहे की माणूस? आपणच उघडून देतोय, या बसा म्हणून!"

"फाटक तरी कुरकुरतं," स्टॅश म्हणाला. "ह्याचा तर आवाजसुद्धा नाही. कोच, आज निकाल लावा. सोमवारी बहात्तर बाहेर."

कोच हॅनिगन भला माणूस होता, पण पाठीच्या कण्यात लोणी. तो मान हलवायच्या बेतात होता, तेवढ्यात बर्निसनं कपड्यांची टोपली सॉसेजच्या थाळीशेजारी आपटली.

"अगं बाई, जेवणाचं टेबल आहे ते!" लू ओरडला. "आणि हा वास कसला?"

"कालच्या सामन्याचा. तुम्हाला आवडतो ना, घ्या." तिनं पाचही सदरे पाठ वर करून ओळीनं पसरले. वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे पावावर पडले. "धुतले नाहीत मुद्दाम. ही बहात्तरची पाठ. दाखवा माती कुठे आहे ती."

लू हार जाणारा नव्हता. "मग बरोबरच आहे की! बुजगावण्यासारखा उभा राहिला तर मळेल कशाला?"

बर्निसनं सदरा उलटा केला आणि त्यावर त्याची पॅन्ट टाकली. "उभं राहून गुडघे मळतात होय रे, लू? तू दिवसभर उभा असतोस. दाखव बघू तुझे."

हॉल हसला. स्टॅश हसला नाही. तो लंगडत टेबलाजवळ आला. "बर्निस, तू कपडे धुतेस, छान धुतेस. फुटबॉल आमच्यावर सोड."

"सत्तावीस वर्षांपूर्वी सोडला होता, स्टॅश. माझा पोरगा गेला." ती कोचकडे वळली. "कोच, ते चित्रण परत लावा. चेंडूकडे बघू नका, मोकळ्या सुटणाऱ्याकडे बघू नका. वेस्ली कुणाला सावरायला वळतो तेवढंच बघा."

कोचनं पडद्याकडे पाहिलं, स्टॅशकडे पाहिलं.

"लावा म्हणते ना!"

पस्तीस वर्षांत तिचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. कोचनं निमूटपणे चित्रण लावलं. पहिल्यांदा सगळे चेंडूकडेच बघत राहिले. दुसऱ्यांदा लूनं काटा खाली ठेवला. तिसऱ्यांदा सगळ्यांना दिसलं आणि सगळे एकदम कॉफीत बघायला लागले. चौसष्ट नंबर पुनःपुन्हा पाठीवर पडत होता.

स्टॅशचा चेहरा उतरला. नातवाच्या सदऱ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. कुणीतरी मागून म्हणालंच, "मग काढा ट्रॉयला!" आणि बर्निसच्या ध्यानात आलं, की बोट नुसतं एका पोरावरून दुसऱ्यावर सरकतंय. त्यासाठी ती आली नव्हती. एप्रनच्या खिशातून तिनं तीन मोजे काढले आणि काही न बोलता स्टॅशच्या हातात ठेवले. एक उलटा होता.

स्टॅशनं तो बोटांनी चाचपला. डिंक बोटाला चिकटला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकोणसत्तर साली त्यानं स्वतः हेच केलं होतं, आपल्या बापाला कळू नये म्हणून. त्या दुखण्यानं तो आजही लंगडत होता.

"गाढव," तो पुटपुटला. नातवाला म्हणाला की स्वतःला, ते सांगता येत नाही. मग त्यानं घसा खाकरला. "कोच, वेस्ली आहे तिथे राहील. आमच्या ट्रॉयचा घोटा गेलाय. बरा होईपर्यंत त्याला बसवा. आणि लेको, पोराला कुणी एक शब्द बोललात तर गाठ माझ्याशी आहे."

"आणि वेस्लीला सांगायचं कुणी?" बर्निसनं विचारलं.

"मी जातो."

"आत्ता जा."

स्टॅश टोपी उचलून गेला. बर्निसनं सदरे गोळा केले. लूनं टोपली दारापर्यंत उचलून दिली, पण तोंड बंद ठेवणं त्याला जमेना. "बर्निस, पुढच्या रविवारी येशील ना? फक्त तेवढे धुऊन आण."

वाळलेला चिखल काढायला तीनदा धुवावं लागलं. सोमवारी दुपारी बहात्तरची खुंटी रिकामी होती. वेस्ली पिशवी घेऊन सरावाला गेला होता.

पुढच्या शनिवारी ते जिंकले, असं सांगायला मला फार आवडलं असतं. हरले. पण तीनच गुणांनी, आणि क्वार्टरबॅक एकदाच पडला.

बर्निसनं त्या संध्याकाळी सगळे कपडे धुतले, वाळवले, घड्या घातल्या. मग ती घरी येऊन फोनसमोर बसली. बंबखान्यात शिरणं सोपं गेलं होतं. हे जड जात होतं. दोनदा तिनं नंबर अर्धा फिरवून ठेवून दिला आणि दोन्ही वेळा स्वतःवरच चिडली. तिसऱ्यांदा पुरा फिरवला.

"आई? सगळं ठीक ना? नाताळ कुठे आलाय अजून."

"रिची, सत्त्याऐंशीच्या त्या सामन्यातला तुझा सदरा मी धुतला होता. तुझी पाठ कोरी होती. तू पडला नव्हतास."

"तुला माहीत होतं?" तो म्हणाला.

"त्याच दिवशी कळलं होतं. बोलले नाही. घाबरले. चूक माझी आहे, बाळा."

तिनं फोन ठेवला नाही. तो शिव्या देईल, ठेवून देईल, पुन्हा कधीच करणार नाही, सगळ्याला तिची तयारी होती. पलीकडून चव्वेचाळीस वर्षांच्या रिचीचा श्वास तिला ऐकू येत होता.

"आई," तो म्हणाला, "परत सांग."

बर्निस ताठ बसली. "सहासष्ट नंबर," ती म्हणाली. "गुडघे काळे, छाती काळी, पाठ कोरी."