नाताळच्या सकाळची पाळी

आमची पोस्ट बर्फात होती. सात जवान, एक रेडिओ, एक स्टोव्ह. पलटणीत एक रिवाज होता: ज्याचा सण, त्याला सुट्टी, त्याची ड्युटी दुसऱ्या धर्माचा जवान करणार. दिवाळीत माझ्या दोन्ही पाळ्या लान्स नायक पास्कूने केल्या. तो काकतीकडचा, मी निपाणीचा. नाताळला त्याची ड्युटी माझ्यावर होती.

पास्कूने रेशनच्या खोक्याचा गोठा केला होता. येशूबाळ साबणाचं, वरची चांदणी पॅराशूटच्या कापडाची, समोर पेटती मेणबत्ती. सकाळी नऊला खालच्या वळणापर्यंत टेलिफोनची तार तपासायची होती. मी तेव्हाही सौदे करणारा माणूस.

"पास्कू, सकाळची तार तू बघ. बदल्यात दुपारपासून उद्या सकाळपर्यंत सगळं माझं."

"लई चिकट हाईस रं, भैरू. सणाला बी घासाघीस?"

"परवडतंय का बोल."

"परवडतंय. पण माझी मेणबत्ती विझू द्यायची न्हाय. विझली तर सौदा मोडला."

तो हसत गेला. मी परत स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो.

नऊ चाळीसला वरून बर्फाचा कडा कोसळल्याचा आवाज आला. खालची पोस्ट रेडिओवर बोलली.

"तुमचा माणूस दिसतो का? ओव्हर."

"निगेटिव्ह. सगळं पांढरं. ओव्हर."

आम्ही सहा जणांनी खोदलं. दोन वाजता तो सापडला. परत आलो तेव्हा मेणबत्ती विझलेली होती.

आता मी निपाणीत जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. धंदा स्वतःच्या जिवावर उभा केला. समोरच्या माणसाला तासाभरात वळवतो. एकच सौदा सात वर्षं जमत नाही. पास्कूच्या गावात शाळेसमोर शहीद फलक आहे आणि त्यावर पास्कूचं नाव नाही. फलक कमिटीचे अध्यक्ष माजी सुभेदार. गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडे गेलो.

"साहेब, नाव कधी घालणार?"

"भैरूअण्णा, किती वेळा सांगू? तो गोळीनं गेला न्हाय, बर्फानं गेला."

"तिथं काय फिरायला गेलता?"

"आवाज खाली."

"न्हाय होत! तुम्ही बी बर्फात दोन वर्षं काढलीसा की. तुम्हाला मी सांगायचं?"

पुढच्या बैठकीत विषय ठेवतो, म्हणाले. सात वर्षं ठेवलाच आहे. मी खुर्ची ढकलून निघालो. दार आपटलं ते मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी पास्कूच्या आईकडे गेलो. दर नाताळला जातो. तो सौदा आणि ती मेणबत्ती, दोन्ही मी तिला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. ते ऐकून ती म्हणाली होती, "त्याची पाळी तुझ्याकडं राहिली न्हवं? मग नाताळला येत जा. मी चर्चला जाऊन येईपर्यंत गोठा सांभाळ."

या वेळी तिने माझं तोंड बघूनच ओळखलं.

"भांडून आलास व्हय?"

"आई, ती माणसं ऐकत न्हाईत. तुमचा देव तरी ऐकतो का?"

"ऐकतो. तुझ्यासारखी घाई न्हाय त्याला." शाल घेत ती म्हणाली, "मांजराकडं लक्ष ठेव. काल येशूबाळ उचलून चुलीमागं टाकलंतं त्यानं."

ती गेली. मी गोठ्यासमोर स्टुलावर बसलो. मांजर दोनदा आलं, दोनदा हाकललं. खिडकीतून वारा आला तेव्हा ज्योतीला हाताचा आडोसा केला. नऊ चाळीसला उठून सावधान उभा राहिलो. साडेदहाला ती परतली. आधी गोठ्याकडे बघितलं.

"विझली न्हाय?"

"न्हाय."

"मग आता जेवूनच जा."

कमिटीच्या पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. राग गेलेला नाही. फलकावर येईपर्यंत नाव इथे लिहून ठेवतो.

लान्स नायक पास्कू. नाताळच्या सकाळी, माझ्या पाळीवर असताना गेला.