खालच्या रानातलं मीठ

माझं माहेर पेठ वडगावचं. घरात किराणा दुकान. मीठ म्हणजे दुकानाच्या पायरीवर रात्रभर उघड्यावर राहिलं तरी कुणी नेत नाही असं पोतं, एवढीच माझी मिठाची ओळख. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर लग्न होऊन कुरुंदवाडजवळच्या एका गावात आले आणि पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी सासऱ्यांच्या मागे मागे रान बघायला गेले. ओढ्याच्या अंगाला दोन एकराचा तुकडा होता. सकाळच्या उन्हात तो पांढरा दिसत होता.

"अप्पा, इथं चुना टाकलाय का?" मी विचारलं.

"चुना न्हाय. मीठ फुटलंय," अप्पा म्हणाले आणि पाय उचलून पुढं निघून गेले. पुढं जिथं ऊस डोक्याच्या वर गेला होता तिथं मात्र ते थांबले आणि पेरं मोजून दाखवायला लागले. त्या पांढऱ्या तुकड्याला घरात सगळे 'खालचं रान' म्हणत, आणि त्याच्याबद्दल शक्यतो कुणी बोलत नसे.

मी शाळेत विज्ञान शिकवते. बी.एस्सी., बी.एड. झालेली सून घरात आली याचं अप्पांना कौतुक होतं आणि थोडी भीतीही. मला ते 'मास्तरीण' म्हणत. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणत, मीही म्हणायला लागले. घरात अप्पा-अव्वांचं आपसातलं बोलणं कानडी, बाकीच्यांशी मराठी. वडगावात आम्ही लिंगायत असूनही घरात मराठीच बोलायचो, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझ्याबद्दल काय बोललं जातंय ते मला कळत नव्हतं. ते एका परीनं बरंच झालं.

अप्पांचा गावात मान होता तो पाण्यामुळं. नदीवरून पाईपलाईन टाकून गावात पाणी आणणाऱ्या संस्थेत ते पहिल्यापासून. त्यांच्या तरुणपणी हे सगळं रान पावसावरचं होतं, शाळू आणि तूर यापलीकडं काही नाही. पाणी आलं आणि ऊस आला, उसानं पक्कं घर आणलं, नवऱ्याचं डिप्लोमाचं शिक्षणही त्यातूनच झालं. म्हणून पाण्याची पाळी आली की अप्पा खोरं खांद्यावर टाकून हजर. गरज असो नसो, पाळी सोडायची नाही. आपल्या पाळीचं पाणी दुसऱ्याच्या सरीत गेलेलं त्यांना अपमानासारखं वाटे. सरी तुडुंब भरून पाणी बांधावरून सांडायला लागलं की ते समाधानानं विडी पेटवत. उसाचे पैसे यायला लागल्यापासूनची पंचवीस वर्षं त्यांनी असंच पाणी पाजलं होतं.

आणि ते सगळं पाणी, वरच्या रानातलं, शेजाऱ्यांचं, आमचं, मुरून मुरून खालच्या रानात येऊन बसलं होतं. हे मला कळलं ते एका खड्ड्यामुळं. माती तपासून घ्यायची म्हणून मी नवऱ्याला कंबरेएवढा खड्डा काढायला लावला. गुडघ्याएवढं खोल फावडं गेलं तसं चारी बाजूंनी पाणी पाझरायला लागलं. मुळं कुजतात ती याच पाण्यात, मी नवऱ्याला म्हटलं. अप्पांचा चेहरा मात्र खुलला. "बघ मास्तरीण, किती पाणी हाय रानाला! गुडघ्यावर पाणी!"

माती पिशवीत भरून मी एस्टीनं कोल्हापूरला नेली. वाटेत कंडक्टरनं विचारलं, "बाई, पिशवीत काय हाय? लई जड दिसतंय." मी म्हटलं, "माती." त्यानं तिकीट फाडता फाडता माझ्याकडं असं बघितलं, जणू पुढच्या स्टॉपवर ही उतरली तर बरं. तपासणीचा कागद आला तो मला अपेक्षित होता तसाच. क्षार फार, निचरा नाही. अप्पांनी कागद उलटासुलटा बघितला आणि खुंटीवरच्या पिशवीत घालून ठेवला.

पाच-सहा वर्षं तशीच गेली. मुलगी झाली, शाळेत कायम झाले, आणि खालच्या रानातला पांढरेपणा दर हिवाळ्यात दोन-दोन सऱ्या वर सरकत राहिला. मग एक दिवस एक पावणं दारात आले. पलीकडच्या गावात त्यांनी अशाच खराब जमिनी घेऊन तळी खोदली होती, त्यांत मासे सोडले होते. आमच्याही दोन एकराचं तळं करू म्हणाले. अप्पांनी त्यांना चहा दिला, आणि गेल्यावर म्हणाले, "देऊन टाकूया. कुसळ उगवंना तिथं."

अव्वांचा चहा तसाच राहिला. "आमच्या घरात अंडं शिजलं न्हाय कधी. गळ्यात लिंग घालायचं आणि रानात मासं पाळायचं?"

"मासं आपुन खायाचं न्हाय की. पाळायचं बी न्हाय. तो पाळणार."

"शिवाला काय सांगू? भाड्यानं दिलंय म्हणून?"

नवरा हसू दाबत बाहेर गेला. मला हसू येत नव्हतं. तळं एकदा खोदलं की ते रान परत रान होत नाही. वरची माती उचलून बांधाला जाते आणि संपलं. मला त्या तुकड्याची इतकी माया का वाटत होती हे आजही नीट सांगता येत नाही. एवढं खरं की घरात माझा शब्द चालेल अशी ती एकच जागा मला दिसत होती, आणि ती हातची जाणार म्हणून मला राग आला होता.

त्या संध्याकाळी मी अप्पांना त्यांच्याच शब्दात गाठलं. शेतकऱ्याला वाफसा कळतो. पाणी दिल्यावर दोन-चार दिवसांनी माती ना चिखल ना कोरडी अशी होते, मुठीत दाबली तर लाडू वळतो आणि टाकला तर फुटतो, पायाला चिकटत नाही, तो वाफसा. वाफशाशिवाय अप्पा औत घालत नसत. मी विचारलं, "अप्पा, खालच्या रानाला शेवटचा वाफसा कधी आला होता?"

त्यांनी हातातली विडी विझवली. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाच्या आधी." आणि थोड्या वेळानं, "काय करणार हाईस तू?"

"जमिनीखाली पाईप घालायचे. भोकांचे. बसलेलं पाणी त्यातनं ओढ्याला काढायचं. मला दोन वर्षं द्या. नाही उगवलं तर तळं खोदा, मी स्वतः मासे सोडीन."

"शिव शिव," अव्वा म्हणाल्या. पण दोन वर्षं मिळाली.

पाईपचं काम नवऱ्यानं केलं. तो शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर होता आणि सरळ रेषेवर त्याचा फार विश्वास. उतार काढायला त्यानं गवंड्याची पाणी भरलेली प्लास्टिकची नळी आणली आणि दोन रविवार आम्ही दोघं नळीची दोन टोकं धरून रानात उभे राहिलो. लग्नानंतर आम्ही इतका वेळ एकमेकांशी बोललो नव्हतो, बोलणं सगळं "वर घे, खाली घे" असलं तरी. मग यंत्रानं चर काढले, चार फूट खोल, आणि त्यात कापड गुंडाळलेले भोकांचे पाईप टाकून माती परत लोटली. सगळ्या पाईपांचं तोंड एका जाड पाईपात, आणि त्याचं तोंड ओढ्यात. तिसऱ्या दिवशी त्या तोंडातून करंगळीएवढी धार पडायला लागली. आठवड्यात ती मनगटाएवढी झाली. मी शाळेतून येताना लुना ओढ्यावर थांबवून ती धार बघत बसे. इतकी खूश मी माझ्या निकालाच्या दिवशीही नव्हते.

तीन आठवड्यांनी धार बंद पडली.

पाईपात गाळ बसला असं मला वाटलं, नवऱ्याला वाटलं उतार चुकला. त्याची झोप उडाली. रविवारी तो ओढ्यात उतरला, पाईपच्या तोंडात हात घातला आणि हसायला लागला. आत गोणपाटाचा बोळा होता, चांगला ठासून, वरून चिखलानं लिंपलेला. असं नेटकं लिंपण गावात एकाच माणसाचं होतं.

अप्पा बांधावरच उभे होते. लपले वगैरे नव्हते. "मीच घातलाय," ते म्हणाले. "दिसरात पाणी ओढ्याला चाललंय. बघवंना मला. त्या पाण्यापाय आमी किती भांडलोय, तुमाला काय म्हायत!"

मी सासऱ्यांवर आवाज चढवला तो आयुष्यात त्या एकदाच. काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं 'दोन वर्षांतला एक आठवडा तुम्ही खाल्लात' एवढं आठवतं. नवऱ्यानं बोळा उपसला तसं तुंबलेलं पाणी भसकन बाहेर आलं. मी ओंजळ भरली आणि अप्पांच्या पुढं धरली. "हे वाचवताय ना? प्या मग."

मी असं करीन असं त्यांना वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, ओंजळीत दोन बोटं बुडवली आणि जिभेला लावली. लगेच थुंकले.

"उप्पू!" ते म्हणाले. उप्पू म्हणजे मीठ. माझ्याशी ते कधी कानडी बोलत नसत. त्यांनी पुन्हा बोटं बुडवली, पुन्हा चाखलं, तोंड वाकडं केलं आणि गोणपाटाचा तो बोळा उचलून ओढ्यापलीकडं भिरकावला. मग घरी गेले.

दुसऱ्या दिवसापासून अप्पांचा नवा नेम सुरू झाला. सकाळी चहाच्या आधी ओढ्यावर जायचं, पाईपचं पाणी चाखायचं आणि येऊन मला बातमी द्यायची. "आज जरा कमी हाय." "आज पुन्यांदा वाढलंय, काल वरच्यानं पाणी सोडलं हुतं." मी शाळेतून क्षार मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. अप्पांची जीभ आणि यंत्राचा आकडा यांची मी वहीत तुलना करत असे. दहातल्या आठ वेळा जीभ बरोबर निघाली. उरलेल्या दोन वेळा त्यांनी आधी तंबाखू खाल्लेली असायची. अव्वा म्हणायच्या, आता ह्यांना जेवणात मीठ जास्त झालेलं कळत नाही, सगळी चव ओढ्याला गेली.

तो पावसाळा आमच्या कामाचा झाला. पडेल तो पाऊस रानातून मुरून, मीठ घेऊन पाईपातून बाहेर गेला. आमचं मीठ ओढ्यातून नदीला आणि नदीतून कुणाच्या पुढ्यात जातं हा प्रश्न मला पडला होता, आणि त्याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पाऊस उघडल्यावर आम्ही ताग पेरला. निम्मा उगवला, निम्मा नाही. उगवला तेवढा फुलाच्या आधी खत म्हणून मातीत गाडला. पुढच्या पावसानंतर पुन्हा ताग, या वेळी दोन कोपरे सोडले तर सगळीकडं. आणि त्या हिवाळ्यात गहू.

वरच्या रानात पाण्याची पाळी आली तरी आता अप्पा आधी मूठभर माती दाबून बघत. मग कधी कधी खोरं न घेताच परत येत. याबद्दल घरात कुणी त्यांना चिडवलं नाही, मीसुद्धा नाही, आणि मी चिडवायला कमी करणारी नव्हे.

गहू पोटरीत होता, ओंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. सुट्टीचा दिवस, मी रानात तण काढत होते आणि अप्पा बांधावर बसले होते. शेजारच्या रानाचा मालक आला. अप्पांच्या निम्म्या वयाचा, तापट गडी. त्याच्या रानाचा कोपरा त्या वर्षी पहिल्यांदा पांढरा झाला होता. तो आल्या आल्या सुरू झाला. "ही समदी त्या खताची करणी हाय. न्हायतर वरच्या धरणाची. कुणीतरी आमचं वाटुळं करतंय बघा, अप्पा. तुमच्या रानाचं कुणी केलंतं?"

"मी," अप्पा म्हणाले.

शेजाऱ्याला ते नीट ऐकू आलं नसावं. "आँ?"

"मी मारलंतं हे रान. पंचवीस वर्सं पाणी पाजून मारलं. कुणी थांबीवलं असतं तर त्याच्या अंगावर गेलो असतो. हिनं खड्डा काढाय लावला त्याच दिशी कळलंतं मला. पण त्वांडानं निघंना."

मी हातात तण घेऊन तशीच उभी राहिले. इतकी वर्षं घरात आम्ही सगळ्यांनी हे एक वाक्य टाळलं होतं. नवरा म्हणे जमीनच सखल, अव्वा म्हणत शिवाची इच्छा, मी म्हणे निचरा नाही. 'तुम्ही' असं कुणी म्हटलं नव्हतं. आम्हाला वाटत होतं आपण त्यांना सांभाळून घेतोय. ते बिचारे 'गुडघ्यावर पाणी' म्हणून हसले होते तेव्हाच त्यांना कळलं होतं, आणि एवढी वर्षं ते एकटेच ते घेऊन हिंडत होते. मला रडू फुटलं. वाईट वाटलं म्हणून नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला.

शेजाऱ्याचा आवाज एकदम उतरला. त्यानं मला विचारलं, "वैनी, पाईप किती खोल घालाय लागतंय?"

मी पदरानं डोळे पुसत होते, म्हणून अप्पांनी सांगितलं. खोली, उतार, कापड, तोंड कुठं काढायचं, सगळं हातवारे करून सांगितलं. चार फुटांचं सहा फूट सांगितलं. मुलांच्या वहीतली वेलांटीसुद्धा न सोडणारी मी, तिथं गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना शेजाऱ्याच्या दारात लुना थांबवली आणि चार फूट, असं हळूच सांगून पुढं गेले.