टाकीवरचा डबा

पीएचडी कशात करतेस, असं कुणी विचारलं की मी सोपं करून सांगायची. लांब लांब ठेवलेली यंत्रं, त्यांना जोडणारी वायर नाही आणि त्यांच्या डोक्यावर कुणी साहेबही नाही. त्यातलं एक बंद पडलं तर बाकीच्यांनी आपसांत ठरवून काम चालू कसं ठेवायचं, एवढंच मी शोधत होते.

मुंबईतल्या प्रयोगशाळेत सगळं छान चालायचं. गाइड म्हणाले, "आता बाहेर करून दाखवा. वाऱ्यापावसात."

मी पेणला रामवाडीत राहते, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. नवरा रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये. त्यामुळे लांबचं गाव निवडायची सोय नव्हती. पेणच्या पुढे खाडीकडे एक गाव सापडलं, तिथं रस्त्यावरच्या दुकानापर्यंत इंटरनेटची लाइन होती आणि आत बंदराच्या वाडीत फोनला सिग्नलची एकच दांडी यायची, तीही खिडकीत उभं राहिलं तर. मी दुकानापासून वाडीपर्यंत छपराछपरांवर छोटे डबे बसवले. एक डबा दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला निरोप देत जाणार. मधोमध गावाची पाण्याची टाकी होती, तिच्यावर एक. वाडीकडे जाणारं जवळपास सगळं त्या डब्यातूनच जायचं.

काही महिन्यांचा प्रयोग आहे, नंतर काढून नेणार, हे मी घरोघरी सांगितलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली होती. पण फुकट इंटरनेट एकदा घरात आल्यावर कुणाच्या ते लक्षात राहणार?

वाडीतलं पहिलं घर भाभींचं. पन्नाशीच्या आसपासच्या. नवरा कुवेतला कंपनीत, घरात त्या आणि अंथरुणाला खिळलेली सासू. त्यांच्या छपरावरच्या डब्याला वीज त्यांच्याच घरातून दिली होती, म्हणून माझं तिथं सारखं जाणं.

त्यांच्या डब्याची नोंद बघताना मला काहीतरी चुकलंय असं वाटायचं. रोज सकाळी एक व्हिडिओ कॉल लागायचा आणि दुपारपर्यंत सुटायचाच नाही. एवढा वेळ कोण बोलतं? मी दोनदा प्रोग्रॅम तपासला. मग एका सकाळी भाभींच्या स्वयंपाकघरात गेले तर फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा. पडद्यावर एक माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलेला. भाभी खाली बसून कोलंबी सोलत होत्या.

"रातपाळी करून येतात नं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "घरातला भांड्याबिंड्यांचा आवाज ऐकला की झोप लागते त्यांना. तू बोल गो, जागे नाय व्हत."

मी कुजबुजतच माझं काम उरकलं.

त्यानंतर माझी अडचण सुरू झाली. माझ्या संशोधनाला डबे चालणं नको होतं, बंद पडणं हवं होतं. कडेचे डबे मी मुद्दाम बंद करायची, बाकीचे कसे सावरतात ते टिपायची. लोकांचे फोन यायचे. वर्गात शिकवताना, माहेरच्या लग्नात, आंघोळ करताना. "मॅडम, बंद पडलाय." नवरा वैतागून म्हणायचा, "तू पीएचडी करतेस की केबलवाली झालीस?" टाकीवरच्या डब्याला मात्र मी हात लावला नाही. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणत राहिले.

तोवरचे निष्कर्ष लिहून मी छापायला पाठवलेला निबंध परत आला. तपासणाऱ्यांनी लिहिलं होतं की सगळ्यात महत्त्वाचा डबा कधी बंदच केलेला नाही, तेव्हा या निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा? विद्यापीठाने दिलेली मुदतवाढही संपत आली होती. बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने मला बोलावलं होतं, पण प्रबंध झाल्यावरच. गाइड म्हणाले, "एका डब्यापायी डिग्री घालवणार का तुम्ही? आणि रिकामं नेटवर्क बंद करून चालणार नाही. कॉल चालू असतानाच करा."

नवऱ्याकडे जायला मी पेण स्टेशनवर रोह्याच्या गाडीची वाट बघत बसले होते. पुढे जायचं तर त्या झोपलेल्या माणसाचा कॉल तोडायचा, मागे जायचं तर इतकी वर्षं पाण्यात. गाडी आली, भरलेली. मी चढलेच नाही. रिक्षा करून भाभींकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी नवऱ्याला विचारलं. तिकडून ते म्हणाले, "करू दे. तिची परीक्षा हाय. मी झोपतो, काय व्हतंय ते बघा."

दुसऱ्या सकाळी मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात बसले. ते झोपले. मी लॅपटॉपवरून टाकीवरचा डबा बंद केला.

चित्र थिजलं. आता वाडीतल्या डब्यांनी खाडीच्या कडेने दुसरी वाट धरायला हवी होती. आम्ही दोघी बघत राहिलो. पडदा काळा झाला.

मी टाकीकडे धावले. दारादारांतून लोक विचारत होते, "काय झाला?" बंद डबा लॅपटॉपवरून चालू होत नसे, म्हणून लोखंडी शिडी चढून तो हाताने चालू केला. खाली आले तर दुकानदार स्वतःचा फोन घेऊन पळत येत होता. कुवेतवरून फोन होता. ते झोपेतून दचकून उठले होते, आदल्या दिवशीचं बोलणं विसरून गेले होते.

"अम्मी बरी हाय ना? खरं सांगा!"

"बऱ्या आहेत. काही झालेलं नाही. मीच बंद केलं होतं," मी म्हणाले.

घरी येऊन नोंदी उघडल्या. कडेचे दोन डबे एकमेकांच्या उत्तराची वाट बघत थांबले होते. प्रयोगशाळेत उत्तर नेहमी वेळेवर यायचं. इथं भरतीचं पाणी चढलं की पाण्यावरून जाणारे निरोप अर्धेमुर्धे पोचायचे. दोघंही अडून बसले, पुढे कुणीच सरकेना. वाट किती बघायची याला मर्यादा घालायला हवी होती, आणि ती दोघांची सारखी असून चालणार नव्हतं. एकाने आधी कंटाळायला हवं होतं. ते बसवायला मला अख्खी दिवाळीची सुट्टी लागली.

पुन्हा विचारायला जाताना लाज वाटत होती. भाभींनी नुसतं "आज भरती कवा हाय?" एवढंच विचारलं. भरती बघूनच आम्ही बसलो. मी डबा बंद केला. चित्र थिजलं. भाभींच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. मग पडद्यावर चौकोन चौकोन हलले आणि चित्र परत आलं, तेव्हा पलीकडे त्यांनी कूस बदललेली होती. झोपलेलेच होते.

भाभी तोंडावर पदर धरून हसल्या. मी मात्र रडले.

निबंध छापला गेला, डिग्री मिळाली. गाइड म्हणाले, आता सामान काढून आणा. मी गेले, तर वाडीतल्या बायका भाभींच्या ओसरीवर जमलेल्या. कुणी भांडलं नाही. एकीने फक्त विचारलं, "आमच्या पोरांचं कॉलेजचे तासपण त्याच्यावरच असतात, मग कसं?" मी परत आले आणि डब्यांची जबाबदारी माझी, असं मुंबईच्या प्रयोगशाळेला लिहून दिलं. बेंगळुरूने थोडे दिवस वाट बघितली, मग दुसऱ्याला घेतलं.

खाऱ्या हवेने जोड गंजतात. माझे बहुतेक रविवार शिडीवर जातात. कधीकधी वर उभी असताना हायवेच्या दिशेने बघत राहते. प्रबंधात लिहिलंय की कुठलाही एक डबा गेला तरी चालतं. मी गेले तरी चालेल, असं काही अजून जमवता आलेलं नाही.

परवा भाभींनी विचारलं, "तू बेंगलोरला जाणार व्हतीस ना गो?"

"होते. पण डबे कोण बघणार? एवढं वर्ष जाऊ दे, मग बघू."

"कुवेतवरनं तेपण असंच म्हणतात. एवढं एक वर्ष, मग येतो."

"किती वर्षं झाली त्यांना?"

भाभींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि दुसरी थापायला घेतली.