नवी गाडी, वेरूळचा उतार आणि आबांचा डावा पाय

गाडी घेतली ती आबांच्या गुडघ्यासाठी. माझ्या वडिलांनी फुलंब्री ते शहर अशी काळी-पिवळी जीप अर्धं आयुष्य चालवली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, क्लच दाबेना, तेव्हापासून ते ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या आवाजावरून ओळखत बसायचे. मला ते बघवेना. म्हणून ही बिनक्लचची, ऑटोमॅटिक.

आईला हे मुळीच पसंत नव्हतं. निघताना तिनं उंबऱ्यातच बजावलं, "वेरूळला जाऊन या. पन काही वेडंवाकडं झालं, तर किल्ली अर्चनाकडं. ह्यांनी परत स्टेअरिंगला हात लावायचा नाय." अर्चना म्हणजे मी.

"व्हय, मान्य," आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा बारीकच होता.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी शोरूमवाल्यानं सांगितलेलं इथं लिहून ठेवते. पहिले हजार किलोमीटर इंजिनाला अंगवळणी पडू द्यायचं. ऐंशीच्या वर जायचं नाही, तासन्‌तास एकाच वेगानं हाकायची नाही, अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचा नाही, उतारावर गाडी 'डी'मध्येच, म्हणजे चालायच्या गिअरमध्येच, ठेवायची. त्यासाठी वेरूळचा रस्ता झकास. चढ, उतार, गावं, सगळं मिळतं, वेग आपोआप बदलत राहतो. फक्त लवकर निघा. दौलताबादच्या जुन्या दरवाजातून एका वेळी एकच गाडी जाते आणि सुट्टीच्या दिवशी सहलीच्या बसगाड्या तिथं अडून बसतात.

जाताना मी चालवत होते. मिटमिट्याच्या पुढं रस्ता मोकळा झाला. किल्ल्यापाशी सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या. आम्ही घेतली, पण आबांचं लक्ष फळांत नव्हतंच. त्यांची नजर माझ्या पायांवर. चढावर गाडीनं आपणहून गिअर बदलला की ते कान टवकारायचे.

"पडला. दुसरा पडला," ते पुटपुटायचे. "कुनी टाकला पन?"

खुलताबादला भद्रा मारुतीसमोर नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी ब्रेकवरचा पाय उचलला मात्र, गाडी आपली आपण पुढं सरकली आणि लिंबं फुटली. "आयला, हिला तर घाईच लई!" हारवाला म्हणाला. आम्ही सगळे हसलो. मग आबांनी माझ्यापुढं हात केला. मी किल्ली दिली आणि शेजारी बसून पट्टा दोनदा ओढून बघितला.

खुलताबादहून वेरूळकडं उतार लागतो. सुरुवातीला आबा सुरेख चालवत होते, इतकं की मी खिडकीबाहेर बघायला लागले. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बसला. पाहते तो गिअरचा दांडा 'एन'वर! उतार आला की न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, ही आमच्याकडच्या काळी-पिवळीवाल्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यांचा हात सवयीनं गेला होता.

"आबा, डीमध्ये टाका!"

गाडी सुसाट सुटली होती. पुढं वळणावर उसाची ट्रॉली, मागं ट्रक. गिअर टाकायचा म्हणून आबांनी दांडा ओढला आणि दांडा ओढताना डावा पाय जे करत आला होता तेच त्यानं केलं. क्लच समजून त्यानं पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. पट्टा छातीत रुतला, सीताफळं पायाशी घरंगळली. मागून ट्रकचा हॉर्न आणि टायरांचं किंचाळणं. मी डोळे मिटून घेतले. आता आदळणार, एवढंच डोक्यात होतं.

आदळला नाही. डोळे उघडले तर मागच्या काचेत नुसता ट्रकचा जाळीदार तोंडवळा.

ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ चाचा, मरना है क्या? नई गाडी है तो घर में सजाके रखो ना!"

आबांनी गाडी हळूच कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. ते मला एकदम म्हातारे दिसले, आणि वाईट वाटण्याआधी मला त्यांचा रागच आला. इतक्या लवकर हार मानायची?

खाली, वेरूळच्या अलीकडं, एक मोकळं माळरान आहे. मी गाडी तिथं नेली आणि त्यांना पुन्हा चालवायला बसवलं. चहा नाही, लेणी नाहीत, आधी हे. पुढं, थांबा, वळण. पुन्हा पुढं. पण थांबायची वेळ आली की डावा पाय उठायचाच, आणि गाडी दर वेळी आचका देऊन थांबायची.

शेवटी आबा खाली उतरले. डाव्या पायातली पट्ट्याची चप्पल काढून लिंबाच्या झाडाखाली ठेवली.

"हे काय?"

"चप्पल घातली की पायाला वाटतं, आपन ड्युटीवर हाव. उघडा असला की घरी हाय."

मला हसू आलं. पण अनवाणी पाय खरंच जागचा हलला नाही. कधी चुकून उचललाच, तर ब्रेकचं थंड रबर तळव्याला लागताच परत जायचा. ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही त्या माळावर घिरट्या घातल्या. मग रस्त्याकडंच्या टपरीवरून गाडीतच मागवलेला कडक चहा आणि भजी. लेणी लांबूनच पाहिली. परतीच्या चढावर गाडी आबांनीच नेली, पुढं दौलताबादचा तो अरुंद दरवाजाही अलगद पार केला. मी सगळा वेळ दाराची कडी धरून होते, हेही सांगायला हवं.

घरी आलो तेव्हा आई फाटकातच उभी. आबा चालवायच्या बाजूनं उतरले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. झाडाखालची चप्पल उचलायची आम्ही दोघंही विसरलो होतो!

"दुसरी कुठंय?"

"तिला वेरूळला रिटायर केलं. लई क्लच दाबला तिनं."

मला वाटलं, ट्रकचं ते गाळतील. पण त्यांनी उतार, न्यूट्रल, ब्रेक, ट्रक, माळावर काढलेली चप्पल, सगळं सांगितलं आणि आपणहून किल्ली आईपुढं धरली.

आईनं किल्ली घेतली नाही. तिनं त्यांच्या धुळीनं माखलेल्या पायाकडं पाहिलं.

"उद्या गुलमंडीला जाऊ, नवी चप्पल घ्यायला," ती म्हणाली. "तुमीच न्या. पन येताना डावी माझ्या मांडीवर ठेवायची."