सह्यांच्या कागदावर पणजी नाही

मुलांनो,

तुम्ही दोघांनी शाळेसाठी केलेला वंशवृक्ष तुमच्या आईने मला फोनवर पाठवला. रंग छान भरलेत, पानं मापात कापलीत, आणि बाईंनी कोपऱ्यात सोनेरी चांदणी चिकटवली आहे. त्या झाडाच्या शेंड्याला इंग्लंडमधला एक लोकर विकणारा माणूस आहे. त्याच्या खाली आठ पिढ्या उतरून, तुटक रेषेने जोडलेली, माझी पणजी आहे. तिच्या पानावर तुम्ही 'दत्तक मुलगी' असं लिहिलंय.

ते खोटं आहे. दोष तुमचा नाही, तुम्हाला ते तुमच्या मामाने पाठवलं. पण ज्याला चांदणी मिळाली ते मुलं जन्मभर खरं मानतात, म्हणून मी आत्ताच लिहिते आहे. मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत हे लिहायला घेतलं की मी उगाच सभ्य होते. आईला वाचून दाखवायला सांगा. तिने एखादं वाक्य गाळलंय असं वाटलं तर मला कळवा.

आधी मला माहीत आहे ते सांगते. मी तीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं आहे, ऐकीव आणि लेखी वेगळ्या खणात ठेवायची मला सवय आहे. हे ऐकीव आहे, माझ्या आजीकडून, म्हणजे पणजीच्या मुलीकडून. वऱ्हाडात दुष्काळ पडला तेव्हा पणजी सात-आठ वर्षांची होती. तिची सगळी माणसं गेली. कुणीतरी तिला नर्मदेकाठच्या एका मिशनच्या बंगल्यावर नेऊन सोडलं. तिथे एक इंग्रज क्वेकर कुटुंब राहत होतं. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक लहानसा पंथ आहे. त्यांच्यात पाळक, म्हणजे पाद्री, नसतो. उपासनेला सगळे गप्प बसतात आणि ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, मग ती बाई असो की पोर. देवापुढे सगळे सारखे, म्हणून हे लोक कुणापुढेही टोपी काढत नसत.

त्या बंगल्यात पणजी नऊ वर्षं राहिली. झाडणं, शिवणं, मुलं सांभाळणं. उपासनेत तिची जागा दाराशी असे, कारण बाळ रडलं की तिने ते उचलून बाहेर न्यायचं. नऊ वर्षांत ती तिथे एकदाही बोलली नाही. 'बाळ मात्र पुष्कळदा बोललं,' असं माझी आजी म्हणायची, आणि हसायची नाही. पुढे अमरावतीकडच्या एका मराठी ख्रिस्ती मास्तरांशी पणजीचं लग्न झालं आणि आपलं घर पुन्हा वऱ्हाडात आलं. मला एवढंच माहीत होतं.

आता तुमच्या मामाचा पराक्रम. इथे दोह्यात, त्याच्या वेस्ट बेच्या ऑफिसात, क्लायंटकडून एक इंग्रज इंजिनियर येतो, साठीचा, उंच, बोलताना मान तिरकी करणारा. जेवणाच्या सुट्टीत दोघांचं कुठून कुठून बोलणं निघालं आणि तो त्याच बंगल्यातल्या मिशनऱ्याचा पणतू निघाला. तुमच्या मामाला कोण आनंद! घरी येऊन म्हणाला, 'आई, आपली फॅमिली हिस्ट्री सापडली!' मी म्हटलं, हरवली कधी होती?

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो इंग्रज आमच्याकडे चहाला आला. दारातच त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. 'कझिन!' म्हणाला. मला चुलत, आत्ये, मामे, मावस मिळून अकरा भावंडं आहेत. हा त्यांच्यात नाही.

त्याने बरोबर कागदाची लांबलचक गुंडाळी आणली होती. ती त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर उलगडली, शंकरपाळ्यांचा डबा न विचारता खुर्चीवर ठेवला, आणि कागद परत वळू नये म्हणून त्यावर माझं साखरेचं भांडं ठेवलं. मग तो एकेक पिढी सांगू लागला. लोकर विकणारा न्यायाधीशापुढे टोपी काढेना म्हणून तुरुंगात गेला. त्याचा मुलगा धान्याचा व्यापारी. पुढे एक बाई होऊन गेली, तिने गुलामांच्या हातची साखर खायची नाही म्हणून जन्मभर बिनसाखरेचा चहा घेतला. साखरेचं भांडं नेमकं तिच्याच नावावर होतं. मी ते उचललं आणि त्याच्या कपात विचारून दोन चमचे घातले. त्याने घेतले.

नोंदी फार चांगल्या होत्या, हे मला मान्य करावं लागलं. जन्म, लग्न, मरण, कोण कुठल्या गावाहून कुठल्या गावाला गेलं, सगळं जागच्या जागी. आपल्याकडे पणजीच्या आईबापांची नावंसुद्धा नाहीत. मला हेवा वाटला आणि त्या हेव्याचा राग आला.

खाली, त्याच्या पणजोबांच्या पाच मुलांच्या शेजारी, तुटक रेषेवर आपली पणजी होती. तिच्याखाली जागा रिकामी सोडलेली. ती त्याला आमच्या नावांनी भरायची होती. कुटुंबाचं पुस्तक करणार होता तो.

'माझ्या पणजीने, म्हणजे मिशनऱ्याच्या बायकोने, तिला स्वतः लिहायला शिकवलं,' तो म्हणाला. 'एका पत्रात तिने लिहिलंय की या मुलीचं अक्षर माझ्या मुलींपेक्षा सुरेख आहे.'

मग त्याने टॅब्लेटवर एक जुना फोटो उघडून दाखवला. मिशनऱ्याच्या थोरल्या मुलीचं लग्न. सगळे व्हरांड्यात उभे, साध्या करड्या कपड्यांत. अगदी कडेला, खांबापाशी, लुगडं नेसलेली एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी, कडेवर बाळ.

'ही तुमची पणजी. आणि हे बाळ म्हणजे माझे आजोबा!'

मी तिला पहिल्यांदाच बघत होते. तिचे कान माझ्या आईसारखे आहेत. ते मी त्याला सांगितलं नाही.

'म्हणजे लग्नाला ती हजर होती,' मी म्हटलं.

'अर्थात. घरातलीच होती ती.'

'तुमच्या लोकांत लग्न कसं लागतं?' मला माहीत होतं, मी वाचलेलं होतं. पण ते मला त्याच्या तोंडून हवं होतं.

तो खुलला. 'पाळक नसतो ना. दोघं उभी राहून एकमेकांना वचन देतात. मग एक मोठा कागद वाचतात आणि हजर असलेला प्रत्येक माणूस त्यावर सही करतो. प्रत्येक जण! लहान मुलंसुद्धा. कुणी मोठं नाही, कुणी धाकटं नाही.'

'तो कागद आहे का तुमच्याकडे?'

होता. असणारच, त्याच टॅब्लेटवर. नवरा-नवरी, आईबाप, भावंडं, डॉक्टर, शेजारच्या मिशनच्या दोन बाया, जमीन मोजायला दोन दिवसांसाठी आलेला एक साहेब. शेवटी सहा वर्षांच्या भावाची वाकडी सही, शाईचा डाग पडलेली. तो कौतुकाने ती मोठी करून दाखवत होता.

'यात ती कुठे आहे?' मी विचारलं.

त्याने कागद वर सरकवला, खाली सरकवला. पुन्हा वर. चष्मा काढून पुसला.

'तिला कदाचित लिहिता येत नसेल.'

'आत्ताच म्हणालात, अक्षर सुरेख होतं.'

'मग त्या वेळी ती कदाचित स्वयंपाकघरात असेल.'

'फोटोत तर व्हरांड्यात आहे. पण स्वयंपाकघर तुम्हाला सुचलं खरं.'

तुमचा मामा मराठीत पुटपुटला, 'आई, प्लीज. तो क्लायंट आहे.'

'तुझा. माझा नाही.' मग मी त्या माणसाला विचारलं, 'हे दत्तक कुठल्या कागदात आहे? मला तो कागद दाखवा.'

तो गप्प बसला. मीही बसले. आपल्या घरात जेवणाआधी कुणी मोठ्याने प्रार्थना म्हणत नाही, आपण नुसते गप्प बसतो, हे तुम्हाला माहीत आहे. ही सवय पणजीने त्या बंगल्यातून आणली. त्यामुळे गप्प बसून मला हरवणं त्याला जमणार नव्हतं. तुमचा मामा उगाच कपबशा गोळा करत राहिला.

शेवटी तो म्हणाला, 'ते मी लिहिलं.'

'का?'

'काहीतरी लिहायला हवं होतं. घरातल्यांच्या यादीत ती नाही. आणि नोकरांची यादी त्यांनी केलीच नाही. आम्ही नोकर ठेवतो असं ते कधी म्हणत नसत.'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोटं लिहायचं नाही हा त्या लोकांचा कडक नियम. मुलगी लिहिलं असतं तर खोटं झालं असतं. मोलकरीण लिहिलं असतं तर सगळे सारखे कुठे राहिले? म्हणून नऊ वर्षं घरात राबलेलं माणूस त्यांनी कुठेच लिहिलं नाही. दोन दिवसांचा पाहुणा साहेब हजर, आणि ही गैरहजर. आणि इतक्या वर्षांनी पणतू येतो आणि तिला मुलगी करून स्वतःचंच घर पुसून लख्ख करतो.

'मोलकरीण लिहा,' मी म्हटलं. 'तुमच्या आजोबांना कडेवर घेऊन वाढवणारी मोलकरीण. ते खरं आहे आणि त्यात तिची लाज नाही.'

विचार करतो म्हणाला. तुमचा मामा त्याला खाली गाडीपर्यंत सोडून आला आणि दारातूनच म्हणाला, 'खलास केलंस तू सगळं.' आठवडाभर तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

दोन आठवड्यांनी त्या माणसाने सुधारलेलं झाड पाठवलं. तुटक रेषा नव्हती. पणजीही नव्हती. सोबत चार ओळी होत्या: पुरावा नसल्याने नाव वगळणं योग्य वाटलं, आणि शंकरपाळे अप्रतिम होते. इकडे तुमच्या मामाने पहिलं झाड केव्हाच तुम्हाला पाठवलेलं होतं. माझं मन मोडू नये म्हणून सांगितलं नाही, असं आता म्हणतो.

एक गोष्ट मी त्या माणसाला दाखवली नाही. तो गेला त्याच संध्याकाळी मी कपाट उघडून मापांचा कागद काढला. पणजीकडून आजीकडे, आजीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे आलेला तपकिरी पडलेला एक कागद. त्याच थोरल्या मुलीचा लग्नाचा करडा झगा पणजीने शिवला होता, त्याची मापं त्यावर तिच्या इंग्रजी अक्षरात आहेत. खांदा, बाही, कंबर. मागच्या बाजूला तिचं नाव सात वेळा लिहिलेलं आहे. पहिलं मोठं आणि डगमगतं, सातवं लहान, सुबक, खाली रेघ. घरात सगळे म्हणायचे, अक्षर गिरवलंय. मीही फोल्डरवर तसंच लेबल लावलं होतं: 'हस्ताक्षराचा सराव'. तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलेली बाई, आणि घरातलं लेबल चुकलं.

ती सही बसवत होती. लग्नाला हजर असलेला प्रत्येक जण सही करतो, हे ती नऊ वर्षं बघत होती. तिने नवरीचा झगा शिवला आणि आपली सही तयार ठेवली. मग तिच्या कडेवर बाळ दिलं गेलं आणि कागद तिच्यापर्यंत आला नाही.

'त्याला याचा फोटो पाठवू? पुरावा आहे हा,' सुधारलेलं झाड आल्यावर तुमचा मामा म्हणाला.

'हात लावून तर बघ,' मी म्हटलं. त्यांच्या कागदावर तिला जागा नव्हती, आता त्यांच्या पुस्तकासाठी ती त्यांना मिळणार नाही.

तुम्ही एवढं करा. नवीन कागद घ्या. शेंड्याला पणजीला ठेवा. तिच्या वर 'माहीत नाही' असं लिहा. तिच्या पानावर 'मोलकरीण, शिवणारी' असं लिहा आणि तिथून खाली तुमच्यापर्यंत या. बाईंनी चांदणी काढून घेतली तर घेऊ द्या.

फोल्डरवरचं लेबल मी बदललं आहे. मापांचा कागद दोह्यात माझ्या कपाटाच्या दुसऱ्या खणात, निळ्या फोल्डरमध्ये आहे. त्याच्या एका बाजूला नवरीची मापं आहेत आणि दुसऱ्या बाजूला पणजीची सही आहे, सात वेळा.